खोक्यावर नसलेलं नाव

ठाकुर्लीत राहणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. रुळांच्या कडेला वर्षानुवर्षं पडून असलेले लोखंडी तुकडे, बावन चाळीकडच्या जुन्या रेल्वे क्वार्टर्सचे पत्रे, पावसाळ्यात खांबांवरून ओघळणारे तांबडे डाग... हे सगळं मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यामुळे सेकंड इयरच्या सुट्टीत दुसऱ्या महायुद्धातल्या एका फायटर विमानाचं मॉडेल बनवायला घेतलं, तेव्हा त्याला जुनं, वापरलेलं रूप देणं हा भाग मला सगळ्यात सोपा वाटला होता. तिथेच माझी फजिती झाली! आणि त्या फजितीतून मी अशा एका माणसापर्यंत पोचले, ज्याचं नाव आपण इंजिनीअरिंगवाले सांगलीच्या कॉलेजच्या नावात वाचतो, कट-ऑफ बघतो आणि पान उलटतो. हा लेख त्या माणसाबद्दल आहे, पण सुरुवात विमानापासूनच करावी लागेल.

विमानाचं नाव कर्टिस हॉक ७५. अमेरिकेत ते पहिल्यांदा उडालं १९३५ मध्ये. एक सीट, पुढे रेडियल इंजिन, अंगावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. चाकं मागे वळताना ९० अंशात फिरून पंखाच्या पोटात सपाट बसायची. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. फ्रान्सने अशी विमानं भरपूर विकत घेतली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर उरलेली ब्रिटनकडे वळवण्यात आली. ब्रिटिशांनी त्यांचं नाव ठेवलं मोहॉक. ईशान्य भारतातून जपान्यांविरुद्ध उडणाऱ्या रॉयल एअर फोर्सच्या ५ आणि १५५ नंबरच्या स्क्वाड्रनकडे हीच विमानं होती.

माझं मॉडेल १:७२ स्केलचं. म्हणजे पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १६ सेंटीमीटर, आणि विमान नाकापासून शेपटीपर्यंत १२. कंपासपेटीत मावेल एवढंच. खोक्यावर फ्रेंच हवाईदलाची चिन्हं, आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग आणि नकाशासारखा दुमडलेला कागद. एकेक भाग कापायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, कोरडा लावून बघायचा, मग डिंक. पंख दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात वर उचललेले असावे लागतात. मी काड्यापेट्या आणि कपड्यांचे चिमटे लावून ते धरून ठेवले. तरी एक पंख दोन मिलिमीटर खाली बसला. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? ७२ ने गुणा! खऱ्या विमानात तो पंख जवळजवळ साडेचौदा सेंटीमीटर खाली झाला असता. पुन्हा उघडला, पुन्हा लावला.

मग आलं वेदरिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नुसतं रंगवलेलं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. खरं विमान उन्हात विटतं, धुळीत मळतं, इंजिन तेल गाळतं, एक्झॉस्टच्या मागे काजळी धरते, पंखाच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी रंग झिजतो. हे सगळं छोट्या स्केलमध्ये हाताने आणायचं. रंगावर आधी चकचकीत वार्निश मारायचं, मग तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. सांधे आपोआप उठून दिसतात. काजळीसाठी काळा खडू किसून मऊ ब्रशने लावायचा. रंग उडालेली जागा दाखवायला स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून टिपायचा. शेवटी मॅट वार्निश. भर पावसात ते वार्निश मारू नका. हवेतल्या दमटपणामुळे त्यावर पांढरा धुरकट थर येतो. माझ्याकडे तो आलाच.

पण खरी चूक वेगळीच होती. मी मोहॉक बनवला. वरून हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून फिका. चांगला मळवला, आणि शेवटी ठाकुर्लीचा सगळा अनुभव पणाला लावून पंखांवर, पोटावर, दारांच्या कडांना झकास तांबडा गंज चढवला. अभिमानाने आजोबांसमोर नेऊन ठेवला.

आजोबांनी चष्मा पुसला, मॉडेल खिडकीजवळ नेलं आणि हसायलाच लागले. ते आयुष्यभर फिटर होते. त्यांनी विचारलं की विमानाचा पत्रा लोखंडाचा असतो का. माझं तोंड उघडंच राहिलं. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही! त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. रंग उडाला तर खाली चंदेरी धातू दिसेल, नाहीतर प्रायमर. तांबडा रंग शोभेल तो फार तर एक्झॉस्टच्या नळ्यांना, कारण त्या पोलादाच्या. मटेरियल सायन्सला मला चांगले मार्क आहेत, हे मी इथे लिहायलाही नको होतं.

हसून झाल्यावर आजोबांनी खोकं हातात घेतलं, नाव वाचलं आणि सहज म्हणाले की हे विमान तर आमच्या शेठचं. मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. आजोबांनी नोकरी केली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. ठाकुर्लीहून स्लो लोकलने कुर्ला, वर्षानुवर्षं. तिथे फियाट आणि पद्मिनी बनायच्या, विमानं नाही. आणि शेठना तर त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ते कामाला लागले तेव्हा शेठना जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. पण कारखान्यातली जुनी माणसं सांगायची म्हणे, की शेठनी गाडीच्या आधी विमान केलं होतं.

शेठ म्हणजे वालचंद हिराचंद.

मी खोकं उलटंपालटं करून पाहिलं, आतला कागद वाचला. कर्टिसचं नाव होतं, अमेरिकेचं होतं, फ्रान्सचं होतं. वालचंदांचं नव्हतं. मग लायब्ररीत गेले. गं. दे. खानोलकरांनी मराठीत लिहिलेलं वालचंदांचं मोठं चरित्र आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे एवढं जाडजूड मराठी पुस्तक हातात घ्यायला जरा धीर लागला. पण एकदा घेतलं आणि सुट्टी त्यातच गेली.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरकडचं, पण व्यापारासाठी महाराष्ट्रात येऊन इथलंच झालेलं. आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच गेली. १८९९ मध्ये सोलापुरात मॅट्रिक, मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. डिग्री मात्र पूर्ण झाली नाही. घरात सावकारी आणि कापसाचा धंदा होता. गादीवर बसून आकडे लिहायचे, व्याज मोजायचं. चांगला चाललेला धंदा, पण या मुलाचं मन त्यात रमेना. त्याला काहीतरी बांधायचं होतं.

बांधायचं काय, तर रेल्वे. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ आधी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची, टेंडरची माहिती, आणि वालचंदांकडे भांडवल आणि हिंमत. दोघांनी भागीदारी केली. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. ही नॅरो गेज लाइन म्हणजे आपल्या लोकलच्या मानाने अगदी खेळण्यातली. पण मातीकाम किती, खडी किती, मजूर किती, पाऊस आला तर काय, हा सगळा हिशेब माणूस तिथेच शिकतो. पुढे कामं वाढत गेली. कर्जत-लोणावळ्यामधल्या भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावापासून मुंबईला पाणी आणणारी पाइपलाइन, आणि थेट ब्रह्मदेशात इरावती नदीवरचा पूल. ठाण्यातून जाताना आपण तानसाची पाइपलाइन बघतो ना, तिच्यामागे हा माणूस आहे हे मला माहीतच नव्हतं. १९२६ ला त्यांनी सुरू केलेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी पुढेही चालत राहिली. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सी लिंक तिनेच बांधला.

एवढ्यावर कोणीही समाधानी झालं असतं. पण १९१९ मध्ये या रेल्वे कंत्राटदाराने एक बोट विकत घेतली! बोटीचं नाव लॉयल्टी. १८९० च्या सुमाराला बांधलेली, आधी एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने पॅसिफिक महासागरात फिरलेली, मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेऊन युद्धात हॉस्पिटल जहाज म्हणून वापरलेली. म्हणजे जवळपास तीस वर्षांची जुनी, चांगलीच वेदर झालेली बोट. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. सिंदियाने नुकसान सोसलं, १९२३ मध्ये पडती बाजू घेऊन करारही केला, पण कंपनी विकली नाही. ५ एप्रिल हा दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो त्या जुन्या बोटीच्या पहिल्या फेरीमुळे.

इथे मला एक पॅटर्न दिसायला लागला. हा माणूस सगळं तयार होईपर्यंत थांबत नाही. स्वतः जहाज बांधता येत नाही? ठीक आहे, आधी जुनं घेऊन चालवायला शिकू. बांधायचं ते नंतर बघू. जहाज बांधण्याचा कारखाना पुढे खरंच झाला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला त्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली.

आता विमान. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले होते. डोक्यात तेव्हा मोटारीचा कारखाना होता. प्रवासात विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. हा पॉली कर्टिस कंपनीची विमानं चीनला विकायचा, आणि ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंग इथे त्याचा विमानं जोडायचा कारखाना होता. आपण असता तर काय केलं असतं? हवापाण्याच्या गप्पा मारून झोपलो असतो. वालचंदांनी विचार केला की चीनमध्ये होऊ शकतं तर भारतात का नाही!

विचार करणं सोपं, परवानगी मिळवणं कठीण. मोटारीच्या कारखान्याला सरकार काही केल्या हात देत नव्हतं. विमानाच्या बाबतीत मात्र युद्धानेच सरकारला कोंडीत पकडलं होतं. ब्रिटनचे कारखाने स्वतःचीच गरज भागवताना मेटाकुटीला आले होते, त्यामुळे भारतासाठी विमानं येणार कुठून? जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडवला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन दिली, भांडवल दिलं. वीज तिथे होती, संस्थानाचा भद्रावतीचा पोलाद कारखाना होता, सायन्स इन्स्टिट्यूट शेजारीच होतं. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी रजिस्टर झाली. १९४१ मध्ये भारत सरकारही २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश भागीदार झालं.

त्याच सुमाराला, ऑक्टोबर १९४० मध्ये, जपान्यांनी पॉलीचा लोइविंगचा कारखाना बॉम्ब टाकून निकामी केला होता. चीनसाठी ठरलेल्या हॉक विमानांची जोडणी मग बंगळूरला करायचं ठरलं. ही हॉक ७५ ए-५, म्हणजे एका रांगेतल्या नऊ सिलिंडरचं राइट सायक्लोन इंजिन असलेली.

पण आधी आलं ट्रेनर विमान, हार्लो. ऑगस्ट १९४१ मध्ये ते बंगळूरच्या आकाशात उडालं. कंपनी रजिस्टर झाल्यापासून आठ महिने! आपल्याकडे आठ महिन्यांत फायनल इयर प्रोजेक्टचा टॉपिकसुद्धा ठरत नाही. आणि हे फक्त नटबोल्ट आवळणं नव्हतं हे मला माझ्या काड्यापेट्या आणि चिमट्यांमुळे कळलं. विमान जोडायला जिग लागतात. जिग म्हणजे भाग अचूक जागी, अचूक कोनात धरून ठेवणारी भक्कम चौकट. जिग चुकलं की त्यातून निघणारं प्रत्येक विमान चुकतं. रिव्हेटच्या हजारो भोकांपैकी एक जरी सरकलं तरी पुढचा पत्रा बसत नाही. ज्यांनी आयुष्यात विमानाला कधी हात लावला नव्हता असे कारागीर हे काम शिकले.

आणि मग वालचंदांच्या आयुष्यातलं ते पान येतं, जे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. युद्ध भारताच्या दारात आलं. सरकारला विमानाचा कारखाना पूर्णपणे आपल्या हातात हवा झाला. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. म्हैसूर संस्थान भागीदार राहिलं, वालचंद बाहेर. त्यानंतर चारच दिवसांनी, ६ एप्रिलला, विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, जिथे त्यांचा जहाज कारखाना उभा राहत होता. एकाच आठवड्यात दोन घाव.

बंगळूरहून पहिलं हॉक उडालं ३१ जुलै १९४२ रोजी. भारतात जोडलेलं पहिलं फायटर विमान. ज्याने ते स्वप्न पाहिलं, तो माणूस तेव्हा त्या कंपनीचा कोणीही नव्हता. आणि अशी हॉक बनली तरी किती? हातावर मोजण्याइतकी. लवकरच कारखान्याचं काम दुरुस्तीकडे वळलं आणि १९४३ मध्ये अमेरिकन हवाईदलाने त्याचा ताबा घेतला.

माझा मोहॉक टेबलावर तसाच होता, ॲल्युमिनियमवर तांबडा गंज चढलेला. मी तो उचलला आणि डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. ॲक्रिलिक रंग त्यात सुटतो आणि प्लास्टिकला काही होत नाही. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. घरभर दवाखान्याचा वास, आईची बोलणी, आणि हातात पुन्हा राखाडी प्लास्टिकचं विमान. आता मला स्क्वाड्रनचा लढून दमलेला मोहॉक नको होता. बंगळूरच्या शेडमधलं, जोडणी चालू असलेलं, अजून रंगही न लागलेलं हॉक हवं होतं. खाली काळा चकचकीत थर, त्यावर ॲल्युमिनियमचा रंग, काही पत्रे थोडे फिके, काही थोडे गडद, म्हणजे वेगवेगळे पत्रे वेगवेगळे दिसतात. आतल्या भागांना प्रायमरचा हिरवट पिवळा. इंजिनावरचं झाकण उघडं, आत नऊ सिलिंडर, त्यांच्या वायरी तांब्याच्या केसाएवढ्या तारेच्या. चिन्ह नाही, नंबर नाही.

वेदरिंग? जवळजवळ शून्य. सांध्यांत अगदी हलका राखाडी वॉश, बस्स. कारण वेदरिंग करायचं म्हणजे खोटी धूळ टाकायची असं नाही. ही वस्तू कुठून गेली, काय काय सोसलं, याचा विचार करून तेवढंच दाखवायचं. हे विमान अजून कुठेच गेलेलं नाही. सोसलं होतं ते ज्याने ते आणलं त्याने, आणि ते मॉडेलवर दाखवायची काही सोय नाही.

कॉलेजच्या टेक्निकल फेस्टिवलमध्ये ते ठेवायचं ठरलं तेव्हा माझ्या ग्रुपमधल्या एका मित्राने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की वालचंदांनी विमान बनवलं म्हणजे नेमकं काय केलं? डिझाइन अमेरिकेचं, इंजिन अमेरिकेचं, भाग अमेरिकेचे. इथे नुसते जोडले. जसं तू खोक्यातले भाग चिकटवलेस. याला बनवणं म्हणतात का?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. बाजारातून तयार सर्किट आणून आपण प्रोजेक्ट म्हणून सबमिट करतो, तेव्हा तो आपल्यालाही आत कुठेतरी टोचत असतोच. मग मी विचार केला की वालचंदांनी जे जे जोडलं, त्याचं पुढे काय झालं ते बघूया.

बोट जुनी विकत घेतलेली होती. विशाखापट्टणमच्या त्यांच्या कारखान्यातून १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं, पंडित नेहरूंच्या हस्ते. ते इथेच बांधलेलं होतं. मोटार: १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिल्या गाड्या निघाल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या भागांतून जोडलेल्या. पण पुढे त्याच कारखान्यात माझे आजोबा आणि त्यांच्यासारखे हजारो लोक गाडीचे भाग घडवायला शिकले, आणि तिथली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली तेव्हा अर्धी मुंबई हळहळली. आपल्या डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरही प्रीमियरचा कारखाना होता. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो गाड्या बनायच्या. त्या भागाला लोक अजून प्रीमियर म्हणतात.

आणि विमान? बंगळूरच्या त्या कंपनीत १९४० मध्येच एक मराठी इंजिनीअर आले होते, डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला, वायुगतिशास्त्रातले दिग्गज प्रांटल यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले. त्यांनी तिथे एचटी-२ हे ट्रेनर विमान डिझाइन केलं आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून भारतीय. हॉकची जोडणी आणि एचटी-२ यांच्यामध्ये फक्त नऊ वर्षं आहेत. ती जिगं, ती शेड, ते रिव्हेट मारायला शिकलेले हात नसते, तर घाटगेंचं ड्रॉइंग ड्रॉइंगच राहिलं असतं. याच कंपनीतून १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स, आपली एचएएल झाली, जिचा आपल्या नाशिकजवळ ओझरलाही कारखाना आहे.

तेव्हा मित्राला माझं उत्तर असं आहे: जोडणं म्हणजे बनवणं नाही, हे अगदी खरं. पण जोडताना आपण काय शिकलो आणि त्यानंतर काय केलं, यावर ते ठरतं. जोडून थांबलो तर ते खेळणं. वालचंद थांबले नाहीत, आणि त्यांना थांबवलं गेलं तिथे त्यांनी उभं केलेलं थांबलं नाही.

एचटी-२ उडालं तेव्हा वालचंद हयात होते, पण १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. १९५० मध्ये त्यांनी सगळ्या धंद्यांतून निवृत्ती घेतली. जहाज कारखान्याचा मोठा हिस्सा १९५२ मध्ये सरकारकडे गेला. म्हणजे विमानानंतर जहाजही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर इथे ते वारले. सत्तर वर्षांचं आयुष्य. मागे साखरेचं वालचंदनगर राहिलं, मालेगावजवळचं रावळगाव राहिलं, जिथल्या गोळ्या आपण सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. आणि १९४७ मध्ये सांगलीला सुरू झालेल्या न्यू इंजिनीअरिंग कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. ज्यांची स्वतःची डिग्री राहून गेली, त्यांच्या नावाने इतक्या मुलांना डिग्री मिळाली!

फेस्टिवलमध्ये माझ्या टेबलाशेजारी एक सुंदर रणगाडा होता, चिखलाने माखलेला, गंजलेला. रणगाडा पोलादाचा, त्यामुळे त्याचा गंज शंभर टक्के बरोबर होता. सगळी गर्दी तिकडे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण विचारायचे की हे अर्धवट का ठेवलंय, रंग कधी देणार. सुरुवातीला वाईट वाटलं. मग मी प्रत्येकाला सांगायला लागले, आणि संध्याकाळपर्यंत घसा बसला.

आजोबांना मी लोकलने घेऊन आले होते. त्यांनी मॉडेल पुन्हा एकदा खिडकीजवळच्या उजेडात बघितलं, एक पंख किंचित खाली आहे असं शोधून काढलं (तो आता अर्धा मिलिमीटरच आहे, पण फिटरची नजर!), आणि मग पुढे ठेवलेलं कार्ड वाचत उभे राहिले. कार्डावर मी विमानाचं नाव, स्केल आणि ३१ जुलै १९४२ ही तारीख लिहिली होती. खाली बंगळूर, आणि त्याच्याखाली खोक्यावर नसलेलं नाव. आजोबांनी खिशातून पेन काढलं, वालचंद हिराचंदच्या पुढे छोट्या अक्षरात शेठ लिहिलं, आणि पेनचं टोपण लावलं.